यमनची ड्यूटी सहाला लागते

आमच्या मेहुण्यांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर शास्त्रीय संगीत ऐकायला घेतलं. 'घेतलं' हाच शब्द बरोबर. त्याआधी त्यांनी मोडी लिपी घेतली होती आणि त्याच्याही आधी गच्चीवरची भाजी. छत्तीस वर्षं खतावण्या जुळवलेला माणूस. समोर काहीही आलं तरी त्याची उतरत्या क्रमाने यादी केल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. गेल्या रविवारी ते चहाला आले ते वही घेऊनच.

"भाऊजी, शास्त्रीय संगीतातल्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ दहा कृती. अंतिम यादी. सदरात छापून टाका."

यादी पाहिली. एक, राग यमन. दोन, अमीर खाँसाहेबांचा मारवा. तीन, पंडित भीमसेन जोशी. चार, भैरवी. पाच, तबला. पुढचं वाचवलं नाही. एकाच यादीत एक राग, एक रेकॉर्ड, एक माणूस आणि एक वाद्य. महाराष्ट्रातल्या सर्वोत्तम पदार्थांच्या यादीत पुरणपोळी, साजूक तूप, आमची आजी आणि चूल असावी तसं. हे मी बोलून दाखवलं. मेहुणे शांतपणे म्हणाले, "बरं, मग क्रम लावायचा कशाचा ते तुम्ही सांगा."

यादीपेक्षा हा प्रश्न फारच बरा निघाला. चहा थंड झाला.

विलायतेत या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. तिकडे कृती कागदावर असते. बीथोवेनची पाचवी सिंफनी बर्लिनमध्ये वाजवा नाहीतर टोकियोत, ती पाचवीच. तिला आकडा आहे, तिची पानं मोजता येतात. म्हणून तिथलं 'क्लासिक एफएम' हे रेडिओ केंद्र 1996पासून दर ईस्टरला श्रोत्यांची मतं मोजून 300 रचनांची उतरंड लावतं. आधी ब्रूखचा व्हायोलिन कॉन्चेर्तो वर होता, मग रॅखमॅनिनॉफचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो, पुढे व्हॉन विल्यम्सची, आकाशात चढत जाणाऱ्या चंडोल पक्ष्यावरची रचना पुन्हा पुन्हा पहिली येऊ लागली. लोक मतं देतात, चंडोल निवडून येतो, सगळे सुट्टीवर जातात. कुणाचं घराणं दुखावत नाही.

तिथेही गोम आहेच. बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' 1727 साली लाइपझिगच्या चर्चमध्ये झालं आणि तो गेल्यावर कपाटात जाऊन पडलं. ते बाहेर काढून 1829 साली बर्लिनला पुन्हा उभं केलं वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने. 1800 साली कुणी थोर कृतींची यादी केली असती, तर आज डोक्यावर घेतली जाणारी ही रचना त्यात पहिल्या दहांत काय, तीनशेतही नसती. पण कागद शाबूत होता म्हणून शंभर वर्षांनी का होईना, सापडला.

आमच्याकडे कागदाचीच बोंब.

नाही म्हणायला पंडित भातखंडे झाले. वाळकेश्वरचा हा माणूस वकिली शिकलेला. वकिली बाजूला ठेवून गावोगावच्या उस्तादांच्या दारात बसला, चिजा मिळवल्या, स्वरलिपीत घातल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग उभे केले. शिवाय सगळे राग दहा थाटांत बसवले. दहाची हौस तशी जुनीच! यादीत बिलावल पहिला घेतला तो त्याचे सगळे स्वर शुद्ध म्हणून. तो थोर आणि तोडी हलका, असं भातखंड्यांनी कुठेही म्हटलं नाही. तरीही त्या दहा खोक्यांवरून पंडित मंडळी आजतागायत भांडताहेत. आता त्या सहा भागांतला एखादा ख्याल उघडून पाहा. सदारंगाच्या नावाचे दोन-चार ओळींचे शब्द, सोबत स्वर आणि मात्रा. ही लग्नपत्रिका झाली. स्थळ, मुहूर्त, व्याही, सगळं बिनचूक. लग्न मात्र गाणारा बसल्यावर लागतं, आणि दर वेळी नव्याने. तीच चीज ग्वाल्हेरवाल्याने मांडली की एक होते, किराण्याच्या गळ्यातून आली की दुसरीच. क्रमांक द्यायचा तो कुणाला? पत्रिकेला?

मेहुणे म्हणाले, "ठीक. चिजा नकोत. रागांचा क्रम लावू. यमन पहिला, यात तर वाद नाही?"

वाद आहे. यमन पहिला येतो कारण त्याची ड्यूटी संध्याकाळी लागते. आपल्याकडे मैफल सहाला जाहीर होते, सव्वासहाला अध्यक्ष येतात, पावणेसातला तंबोरे जुळतात. त्या वेळी दारात उभा कोण? यमन, पूरिया धनाश्री, मारवा. त्यात गुरुजींकडे पहिल्या दिवशी शिकायचा रागही बहुधा यमन किंवा भूप. मतदार तिथूनच तयार होऊन येतात. दुपारच्या सारंगांनी काय पाप केलंय? शुद्ध सारंग, गौड सारंग, वृंदावनी सारंग ऐन भर उन्हातले राग, पण त्या वेळी रसिक ऑफिसात असतो किंवा वरणभात खाऊन आडवा झालेला असतो. त्यांना दाद द्यायला जागं कोण?

आणि रात्र तर आपण कायद्यानेच कापली. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस काय ती बारापर्यंत सवलत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 साली सुरू झाला. पुढे तो रात्र रात्र चाले, लोक सतरंजीवर लवंडून, कुशीला थर्मास घेऊन दरबारीची वाट बघत आणि ललत ऐकून तांबूस डोळ्यांनी घरी जात. आता दरबारीला पावणेदहा ही वेळ मिळते आणि निवेदक कडेला उभा राहून घड्याळ बघतो. अडाणा आला तर घाईत येतो. ललत, भटियार, तोडी यांना सुट्टीच्या दिवसाचं सकाळचं सत्र मिळालं तर मिळालं. निम्मे राग परीक्षेलाच बसू शकत नाहीत आणि यमन बोर्डात पहिला!

मेहुणे यावर थोडे हलले. म्हणाले, "पण अमीर खाँसाहेबांचा मारवा मी स्वतः रोज ऐकतो. पर्वती चढताना. सकाळी सहाला."

"मारवा? सकाळी? अहो, तो सूर्यास्ताचा!"

"संधिप्रकाशाचा राग ना? मग सकाळी संधिप्रकाश नसतो का?"

बँकवाल्यांशी वाद घालू नये.

पण मारव्याचं नाव निघालंच आहे तर त्या तबकडीबद्दल सांगितलं पाहिजे. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. चार माणसं जमली की कुठली बाजू सरस यावर रात्र जाते. मी स्वतः मारव्याच्या बाजूचा. खाँसाहेब षड्जाला असे टाळत फिरतात की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि षड्ज लागल्यावरही घरी पोचल्यासारखं वाटत नाही. हे माझं मत. आज तुम्ही दरबारीच्या बाजूने बोललात तर मी भांडेन, आणि उद्या रात्री दरबारी ऐकून कदाचित पक्ष बदलेन. असला फितूर पंच कुठल्या स्पर्धेला चालेल?

तर उरल्या रेकॉर्डी. जी ती 'सर्वश्रेष्ठ दहा'ची यादी शेवटी रेकॉर्डींचीच असते. आणि रेकॉर्ड ही वस्तू आपल्याकडे कशी आली ते बघा. नोव्हेंबर 1902, कलकत्ता. ग्रामोफोन कंपनीचा गायस्बर्ग भोंगा मांडून बसला आणि गौहरजान गायल्या. शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. वेळ, साधारण तीन मिनिटं. जो ख्याल तासभर उलगडायचा, तो तीन मिनिटांत मावला पाहिजे. अस्ताई, अंतरा, आठ-दहा ताना, तिहाई, नमस्कार. पुढे अमीर खाँसाहेब झूमऱ्यात जी लय धरत, तिच्यात एवढ्या वेळात मोजून तीन-चार आवर्तनं झाली असती. सुई उठली असती आणि खाँसाहेब अजून मंद्रातच!

तरी त्या तीन मिनिटांना हिणवायचं कारण नाही. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची अशीच एक तबकडी ऐकून गदगकडचा अकरा वर्षांचा पोरगा 1933 साली गुरू शोधायला घरातून पळाला. मेहुण्यांच्या यादीत तो पोरगा तिसरा आहे आणि तबकडी कुठेच नाही.

सरकारनेही एकदा क्रम लावून पाहिला. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण केसकर 1952 साली नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी त्यांनी जवळजवळ हाकलली आणि शास्त्रीय गायकांना ऑडिशन लावलं. श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा विद्वान परीक्षक, तरी लोक खवळले. हयात गाण्यात घालवलेल्या माणसांनी समितीसमोर बसून गाऊन दाखवायचं आणि 'बी', 'बी हाय', 'ए', 'टॉप' असा शिक्का घेऊन घरी जायचं. त्याच 1952 साली पलीकडे रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि पुढे तिच्यात पायदानं आली. केसकरांच्या काळात 'बी हाय' कोण होतं हे आज कुणाला आठवत नाही. पायदानांवरची गाणी तुम्हाला कडव्यांसकट पाठ आहेत.

आता खरी गोष्ट. पृथ्वीवरच्या संगीताची आजवरची सर्वांत लांब गेलेली यादी 1977 साली अमेरिकेत झाली. कार्ल सेगन यांच्या मंडळींनी 'व्हॉयेजर' यानांसाठी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी केली. तिच्यात संगीताचे 27 तुकडे. बाखला तीन जागा, बीथोवेनला दोन. सगळ्या भारताला एक. ती मिळाली गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांना. साडेतीन मिनिटांची भैरवी. नाव सुचवलं रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने. नाव सुचलं तरी रेकॉर्ड मिळेना. अखेर न्यूयॉर्कच्या एका भारतीय दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात ती सापडली. ते खोकं त्या आठवड्यात रद्दीत गेलं असतं, तर सूर्यमालेबाहेर आज दुसरंच कुणी गात असतं.

मेहुण्यांनी लगेच विचारलं, "क्रमांक कितवा?"

पंचविसावा. सत्ताविसांत पंचविसावा. त्यांचा चेहरा उतरला. पण भैरवीची जागा मैफलीत शेवटीच असते. ती पहिली लावली असती तर परग्रहावरची मंडळी मैफल आटोपली म्हणून उठली असती.

याच केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांकडे, ते जाईपर्यंत, म्हणजे 1946 सालापर्यंत, शिकत राहिल्या. खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांचे दरबारगायक. ऐन उमेदीत अतिगाण्याने आवाज फुटला, तेव्हा उरलेल्या आवाजाला शोभेल अशी वळणावळणाची नवी गायकी त्यांनी घडवली. तेच जयपूर-अत्रौली घराणं. त्यातून केसरबाई, मोगूबाई, पुढे किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर. यादीवाले ज्यांच्यावरून भांडतात त्यातले निम्मे या एका माणसाच्या गल्लीतले. त्या माणसाची रेकॉर्ड? नाही. एकही नाही. भास्करबुवा बखले, ज्यांच्या हाताखालून बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव गेले, त्यांचा आवाज? तोही नाही. बुवा 1922 साली गेले. ग्रामोफोन येऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. ज्यांनी या दोघांना ऐकलं त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या, आणि आपण त्या वाचून मान डोलावतो. छापील ओळींना 'वाहवा' म्हणणारे श्रोते जगात दुसरे कुठे असतील असं वाटत नाही.

म्हणून मेहुण्यांना सांगितलं, यादी छापतो, पण दुसऱ्या क्रमांकापासून. त्यांनी ऐकलं. वही उघडली, यमनवर आडवी रेघ मारली, पहिल्या ओळीत 'अल्लादिया खाँ किंवा भास्करबुवा' असं लिहिलं आणि समोरच्या रकान्यात 'कागदपत्रं अपुरी'.

तेव्हा वाचकांना विनंती. माळा आवरताना, पणजोबांच्या ट्रंकेत, जुन्या बाजारात, कुठेही या दोघांपैकी कुणाची तबकडी हाती लागली तर पुसूसुद्धा नका, तशीच मेहुण्यांकडे पोचवा. सकाळी आठनंतर. त्याआधी ते पर्वतीवर मारवा ऐकत असतात.