मामा दिलदार, मामा जामीनदार

बदनापुरात चहाचे पैसे देण्यावरून गल्ल्यासमोर जेवढी झटापट होते, तेवढी शेताच्या बांधावरूनही होत नसेल. आमचे मामा डाव्या हातानं समोरच्याचं मनगट धरतात, उजवा बंडीच्या आतल्या खिशात घालतात आणि हॉटेलवाल्याला दम देतात, "त्यांचे पैसे घेतलेस तर उद्यापासून तुझा चहा बंद!" हॉटेलवाला निमूट मामांची नोट घेतो. मग बाकावरून कुणीतरी म्हणतं, "लई दिलदार माणूस!"

शब्द फारसी. दिल म्हणजे काळीज, 'दार' म्हणजे बाळगणारा. दुकानदाराकडे दुकान असतं, ठेकेदाराकडे ठेका; दिलदाराकडे नुसतंच दिल. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. दिलदारपणा कुठल्याच कारभारात बसत नसल्यानं हा शब्द वाचला असावा. आमच्याकडे तर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळे त्याचं बूड आणखी पक्कं झालं.

गंमत अशी, की फारसीत आणि उर्दू शायरीत दिलदार म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी. मराठीत येता येता प्रेमप्रकरण मिटलं, खर्च तेवढा उरला. इस्फहानात मामांना कुणी चारचौघांत दिलदार म्हटलं असतं, तर मामीनं खुलासा मागितला असता.

दिलदर्याव असंही म्हणतात. पण आमच्याकडे दर्या कुठला? दुधना आहे, आणि तिच्यावरचं सोमठाण्याचं धरण पावसाच्या मर्जीनं भरतं. मामा मात्र मोसंबीचा भाव पडलेल्या वर्षीही मनगट धरतातच.

संस्कृतातला 'उदार' जरा सोवळ्यातला. पण त्याच्या द चा ध झाला की उधार, आणि हा उधार आलाय थेट 'उद्धार'पासून. उधारी घेणाऱ्याचा उद्धार लगेच होतो. देणारा पैसे मागायला गेला की त्याचाही होतो, आईबापासकट.

पण 'दार'च्या खानदानातला खरा घातकी इसम म्हणजे जामीनदार. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मामा जामीन राहिले. "सही तर करायची, त्यात आपलं काय जातंय?" ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या वावरात फिरला, थकलेल्या हप्त्याची नोटीस मामांच्या दारात आली. बदनापूरच्याच संशोधन केंद्रानं काढलेली बीडीएन-७११ ही पांढरी तूर दीडशे-एक दिवसांत निघते. नोटिसा त्याआधीच निघतात. त्या साली तुरीची सगळी पट्टी बँकेत गेली, आणि मामा परतताना बँकेच्या शिपायाला चहा पाजून आले.

मामीला मी दिलदारचा फारसी अर्थ सांगितला. तिनं मामांकडं एकदा नीट बघितलं.

"त्या अर्थानं हे एकदा तरी दिलदार झाले असते," ती म्हणाली, "तर ह्यांना जामीन मीच राहिले असते."