नवतपातली पाच मिनिटं

मे महिन्यात नागपुरात सगळंच ढिलं पडतं. गूळ पाघळतो, कपाटातल्या मेणबत्त्या उभ्या उभ्या वाकतात, डांबर चपलेला चिकटतं, आणि दुपारी एक ते पाच कुणी कुणाला शब्द देत नाही. या सार्वत्रिक आळसाला एकच अपवाद माझ्या पाहण्यात आहे, तो म्हणजे एपॉक्सी, दोन ट्यूबांतला, मिसळून लावायचा गोंद. ऊन चढलं की त्याला घाई सुटते.

मी लाकडाचे पेन बनवतो. सागवानाच्या चौकोनी तुकड्याला सात मिलिमीटरच्या बिटनं आरपार भोक पाडायचं, त्यात पितळी नळी एपॉक्सीनं बसवायची आणि मग लेथवर चढवून बाहेरून गोल करायचं. पेन हातात घेणाऱ्याला लाकूड तेवढं दिसतं. पण लेथ फिरायला लागला की सगळी भिस्त त्या न दिसणाऱ्या थरावर. आत कुठं पोकळी राहिली असेल, तर पटाशी टेकताच नेमकी तिथलीच कपची उडते, आणि ती कोपऱ्यात कुठं गेली हे शोधण्यात उरलेली दुपार जाते.

एपॉक्सीच्या पाकिटावर सेट होण्याचा वेळ मोठ्या अक्षरात ‘५ मिनिटं’ असतो, आणि अगदी बारीक अक्षरात, २५ अंश सेल्सिअसला. हे २५ अंश आम्हाला डिसेंबरात भेटतात. मे महिन्यात ते पहाटेसुद्धा फिरकत नाहीत. मुळात हा पदार्थ थंड हवेतला. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तान दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधत होते, त्यातून तो निघाला. पुढं १९४६ साली बाझेलच्या प्रदर्शनात तो गोंद म्हणून लोकांपुढं आला. कवळीची सोय बघणाऱ्या त्या भल्या माणसाच्या डोळ्यांपुढं मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांचा आमचा नवतपा असण्याचं काही कारण नव्हतं.

ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंश म्हणजे चौपट. पाच मिनिटांचं सव्वा मिनिट झालं! तेवढ्यात दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीच्या रेघा पिळायच्या, रेझिन आणि हार्डनर एकजीव होईपर्यंत घोटायचं, पॉलिश पेपरनं खरवडलेल्या नळीला माखायचं आणि नळी गोल फिरवत आत सारायची. फिरवायची कारण सरळ ढकलली तर गोंद तोंडाशीच गोळा होतो. नळीचं टोक आधी बटाट्याच्या चकतीत दाबून बंद करायचं, म्हणजे आत गोंद शिरत नाही. बटाटा हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त सुटा भाग. नळी पाऊण आत जाते, जराशी जड होते, आणि मग थांबते. पुढंही नाही, मागंही नाही. नवऱ्या मुलीच्या मामासारखी, मांडवाच्या दारातच अडून बसलेली.

अशा वेळी बघणारे सल्ला देतात, “भाऊ, जास्तीचं घोटून ठेवत जा ना, पुरून उरते.” हा सल्ला दिसायला व्यवहारी आहे, पण एपॉक्सी सेट होताना स्वतःच उष्णता सोडतं. वाटीत ढीग करून ठेवलं की ती उष्णता बाहेर पडत नाही, मग ते आणखी तापतं, आणखी घाई करतं, आणि प्लास्टिकची वाटी मऊ पडायला लागते. पातळ पसरलेलं तेच मिश्रण जरा दमानं घेतं. म्हणून वाटी नको, फरशीचा सपाट तुकडा बरा.

ट्यूबा फ्रिजमध्ये ठेवाव्यात, असंही सांगतात. आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा सौभाग्यवतींनी आमरसाच्या पातेल्याकडं बोट दाखवलं. “इथं एक तर हा राहील, नाहीतर तुमचं ते!” त्या झटपट हार्डनरचा नासक्या अंड्यासारखा वास लक्षात घेता त्यांचं काही चुकत नव्हतं. शिवाय गार रेझिन इतकं घट्ट होतं की घोटता घोटता मनगट भरून येतं.

उपाय निघाला माठाशी. विदर्भातली मेची हवा कोरडी ठणठणीत. माठावर गुंडाळलेलं ओलं फडकं त्या हवेत झपाट्यानं गार होतं, आणि त्यावर टेकवलेली स्टीलची ताटली जवळपास पाकिटावरच्याच तापमानाला येते. ताटली पुसून कोरडी करायची, त्यावर एपॉक्सी पातळ पसरायचं. स्विस लोकांचे २५ अंश कुंभाराकडून मिळाले.

कूलरची फुंकर मात्र थेट कामावर घेऊ नये. त्या दमट हवेत काही हार्डनरांवर तेलकट साय धरते. सागवान तर आधीच तेलकट, भोक आतून ॲसिटोननं पुसल्याशिवाय गोंद त्याला धरत नाही. अलीकडं मी हळू सेट होणारं एपॉक्सीच वापरतो. थंडीत ते रात्रभर ताटकळत ठेवतं. मेमध्ये सकाळी लावलं की संध्याकाळी लेथवर चढतं. घाई करणाऱ्याला आवरण्यापेक्षा सुस्ताला उन्हात बसवणं सोपं.

गिऱ्हाईक येतं, पेन उजेडाकडं धरतं, सागवानाच्या रेषांवरून बोट फिरवतं, कागदावर स्वतःचं नाव तीनदा लिहून बघतं. मग विचारतं, “हे सगळं एकाच लाकडाचं हाय ना? आत काही चिकटवलं-बिकटवलं तर नाही?”

“एकाच लाकडाचं,” मी म्हणतो. दुसऱ्या प्रश्नाच्या आधी खोकं काढतो.