साखर तीच, तारीख बदलली

संक्रांतीला तीळ-साबुदाण्यावर पाक चढवून काटेरी हलवा करायचा, त्याचे हार-बाजूबंद सुनेला आणि जावयाला घालायचे, हे संस्कार. महिन्याभराने, १४ फेब्रुवारीला, तीच साखर बिस्किटावर बदाम रेखाटते आणि संस्कृतीवर संकट कोसळतं!

२०२३ मध्ये पशुकल्याण मंडळाने त्या दिवशी गायीला मिठी मारायचं आवाहन केलं आणि १० फेब्रुवारीला ते मागेही घेतलं. गायीचं मत कुणी विचारलं नाही.

कामथडी गावातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पेच वेगळाच. बिस्किटावरच्या रॉयल आयसिंगला पिठीसाखरेसोबत अंड्याचा पांढरा बलक लागतो. २०२६ चा १४ फेब्रुवारी पडला शनिवारी, दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, आणि जवळच नसरापूरचं बनेश्वर शिवमंदिर! प्रेमाला घरच्यांची हरकत नसेलही, अंड्याला असते.