कृष्णधवल-मीमांसा

पिरंगुटहून मुंबईचं बंदर पाहायला गेलेला मनुष्य घरी काळे-पांढरे फोटोच का दाखवतो, या प्रश्नाकडे शास्त्रकारांनी आजवर डोळेझाक केली आहे. फोटो काढताना रंगीतच असतात. पिरंगुटचा घाट उतरेपर्यंत, फोनवर बोट फिरवून, त्यांचं कृष्णधवलीकरण उरकलेलं असतं.

पूर्वपक्ष म्हणतो, बंदर मुळातच कृष्णधवल आहे : कावळे, डिझेलचा धूर, बर्फाचा चुरा. हा पक्ष टिकत नाही. 1875 साली बांधलेल्या ससून डॉकवर पहाटे कोळणींची लुगडी पाहून ज्याला रंग आठवत नाहीत, त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी तर मुंबईवर अख्खं पुस्तक केलं, तेही रंगीत.

आमचा सिद्धांत असा, की रंग काढला की वास जातो. रंगीत कोळंबी घमघमते. तीच काळी-पांढरी केली की पाहुणे मान तिरकी करून ‘टेक्स्चर’ म्हणतात. (आमच्या आईने मात्र, “मासे करपले का रे?” असं विचारलं. हा आक्षेप विचाराधीन आहे.)

रंगाच्या या हिशेबात अन्याय फार. काळी-पिवळी टॅक्सी निम्मं नाव गमावते. भिंगावर तांबडी काच लावली, तर ती निळा उजेड अडवते आणि तांबडा सोडते. मग गेटवेवरचं आभाळ भर दुपारी अमावास्येचं होतं आणि बेस्टची लाल बस आजारी माणसासारखी पांढरीफटक पडते. 1850च्या दशकात भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी मुंबईत फोटो काढत, तेव्हा उलटी तऱ्हा होती. त्या काळी फोटो ज्या काचेवर उमटे, तिला तांबडं दिसतच नसे; कुंकू लावावं लाल आणि उमटावं काळं.

आता मूळ मुद्दा. काळा रंग मुंबईचा मानू, पण पांढरा कोणाचा? 1921 साली आमच्या पिरंगुटच्याच तालुक्यात सुरू झालेला मुळशी सत्याग्रह धरण अडवू शकला नाही. गावं बुडाली, पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरलं आणि 1927पासून तिथली वीज मुंबईला जाऊ लागली. तेव्हा रात्रीच्या मरीन ड्राइव्हच्या फोटोतला निदान थोडा धवलांश मुळशी तालुक्याच्या नावावर चढवावा, ही आमची रास्त मागणी आहे. सातबाऱ्यावर नको, फोटोच्या मागे पेन्सिलीने चालेल.

हे लिहिता लिहिता पिरंगुटची लाइट गेली. त्यामुळे उत्तरपक्ष अपुरा राहिला असून, सध्या नुसता कृष्णपक्ष चालू आहे.