सोपाऱ्याची हवा, भाऊजींचा दिवा

नालासोपाऱ्याला पावसाळ्यात लोकलने जाऊ नये, असं आमच्या घरात जुलै २०१८ पासून ठरलेलं आहे. त्या वेळी रूळच पाण्याखाली गेले आणि विरार लोकल वसईपुढे सरकेना. गाडीने जावं, तर घोडबंदरजवळच्या खाडीपुलापाशी सगळे गुजरातकडे निघालेले ट्रक आपल्याआधी पोचलेले असतात. राहिला समुद्रमार्ग. तो दोन हजार वर्षांपूर्वी उत्तम चालू होता, शूर्पारकाच्या, म्हणजे याच सोपाऱ्याच्या, बंदराला दूरदेशीची गलबतं लागत होती. पण पुढे खाडी गाळाने भरली आणि आमच्या जन्माआधीच तीही सोय बंद झाली.

म्हणून भाऊजी मला गाडीने न्यायला दहिसर चेकनाक्यावर आले. ‘या’ म्हणायच्या ऐवजी त्यांनी मला गाडीच्या तोंडापुढे उभं केलं आणि उजव्या हेडलाइटकडे बोट दाखवलं. काचेच्या आतून थेंब धरले होते आणि तळाशी बशीभर पाणी डुचमळत होतं.

‘मासे सोडा,’ मी म्हणालो.

हा विनोद त्यांनी आधीही ऐकला असावा. त्यांनी डिकी न उघडताच माझी बॅग मागच्या सीटवर फेकली.

वाटेत कळलं ते असं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी अख्खी असेंब्ली बदला म्हणून सांगितलं होतं. आकडा भाऊजी मोठ्याने उच्चारत नव्हते, कारण ताईचं कान टवकारणं त्यांना सोळा किलोमीटरवरूनही जाणवतं. अप्पर-डिप्पर दोन्ही चालू होतं, पण उजवा दिवा मोतीबिंदू झाल्यासारखा रस्त्याकडे बघायचा. खड्डे डाव्या बाजूचे दिसायचे, उजवीकडचे समजायचे.

नालासोपारा फाट्यावर वळलो, की धानीव बाग, संतोष भुवन, तुळिंज असा रस्ता लागतो. या रस्त्यावर गॅरेज किती आहेत ते मोजायला वेगळी शिरगणती लागेल. शिवाय गॅरेज नसलेल्या माणसांनाही गाडीतलं कळतं. ट्रॅफिकमध्ये थांबलो, की कुणीतरी काचेवर टकटक करून सांगायचं, ‘काका, हेडलाइट में पानी है.’ भाऊजी दर वेळी ‘हो, माहितीय’ म्हणत, पण त्यांच्या आवाजातला माहितीचा अभिमान हळूहळू कमी होत होता.

चहाच्या टपरीवर तर परिसंवादच भरला. एकाने सुचवलं, मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात, तसा हेडलाइट खोलून तांदळात पुरा. भाऊजी एरवी शहाणे आहेत, पण पाण्याने माणूस खचतो. त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘कोलम चालेल का?’ दुसऱ्याचा उपाय सोपा होता. दिव्याला खालून ड्रिलने दोन भोकं पाडायची, म्हणजे आलेलं पाणी निघून जाईल. या गावाची आखणीही बहुधा याच तज्ज्ञाने केली असावी, फक्त जायची भोकं पाडायची राहून गेली. मी भाऊजींना तिथून उठवलं. भोकातून पाणी जातं तसं येतंही, आणि सोबत धूळ आणतं.

पूल ओलांडून पश्चिमेला ताईच्या सोसायटीत पोचलो. ताईने चहाआधी हेअर ड्रायर काढून दिला, म्हणजे घरातही हा विषय कॅबिनेटपुढे येऊन गेला होता. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडून एक्स्टेंशन सोडली. दिव्याच्या मागच्या बाजूने ड्रायरचं तोंड लावून भाऊजी उकिडवे बसले, मी छत्री धरली आणि सोसायटीतल्या निवृत्त मंडळींनी देखरेख धरली. ड्रायर मंद ठेवावा लागतो. हल्लीच्या दिव्याची काच ही काच नसतेच, पॉलिकार्बोनेटचं प्लॅस्टिक असतं, एकाच जागी फार तापवलं तर वेडंवाकडं होतं. तळ्यातलं पाणी आधी कापडाच्या वातीने टिपून घेतलं होतं. हळूहळू थेंब विरले, काच लख्ख झाली. कुणीतरी टाळी वाजवली. ताईने वरून विचारलं, ‘झालं का हो? मला केस वाळवायचेत.’

रात्रभर सोपाऱ्याने सोपाऱ्यासारखा पाऊस पाडला. सकाळी दिव्यात पुन्हा बशीभर.

मग सिलिका जेलचा प्रयोग. घरातल्या सगळ्या बुटांच्या खोक्यांतून ‘खाऊ नका’ असं लिहिलेल्या पुड्या जमवल्या. हे जेल हवेतली वाफ शोषतं यात शंका नाही, पण त्याचं पोट भरलं की संपलं. उन्हात किंवा तव्यावर तापवून ते पुन्हा कोरडं करता येतं. उन्हाची चौकशी जुलैत करण्यात अर्थ नव्हता आणि तवा ताई देईना.

गंमत म्हणजे या पट्ट्याला वाळवणं शिकवावं लागत नाही. अर्नाळ्याला बोंबील वाळतात, आगाशीकडे केळी सोलून उन्हात ठेवून त्यांची सुकेळी होतात, नायगाव-भाईंदरच्या मिठागरांत तर समुद्रच वाळवून पोत्यात भरतात. पण हे सगळं खातं पावसाळा सोडून चालतं. जुलैत सोपाऱ्यात फक्त घसा कोरडा पडतो, तोही ट्रॅफिकमध्ये.

पाहुणा आला आहे तर त्याला काहीतरी दाखवावं, असं ताईच्या मनात आलं आणि आम्ही बुरूड राजाच्या कोटाकडे निघालो. नाव कोटाचं, पण आहे तो बौद्ध स्तूप. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत दगडाची भली थोरली पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे तुकडे होते, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले. हा ऐवज पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेला. माहिती ऐकून सगळे गप्प होतात, तसे आम्हीही झालो. फक्त भाऊजी पुटपुटले, ‘एकात एक पाच डबे! आणि मला एक दिवा बंद करून देता येत नाही यांना.’

इतिहासाचा इतका थेट उपयोग मी पूर्वी कुणाला करताना पाहिला नव्हता.

खरा वैद्य तिथून परतताना भेटला. सोपारा गावाच्या रस्त्याला पत्र्याचं एक गॅरेज, बाहेर उलट्या बादलीवर बसून एक म्हातारा उस्ताद जाळीतून स्क्रू निवडत होता. त्याने दिव्याकडे पाहिलंच नाही. बॉनेट उघडायला लावलं, दिव्याच्या मागे हात घातला, चाचपलं आणि विचारलं, ‘ढक्कन किधर है?’

भाऊजींनी नजर चुकवली. ताईने ती पकडली.

हळूहळू प्रकरण बाहेर आलं. दिवाळीत भाऊजींनी हौसेने मूळचे हॅलोजन काढून बाजारातले पांढरेशुभ्र एलईडी बसवून घेतले होते. त्या एलईडीच्या ढुंगणाला बारका पंखा असतो. पंख्यामुळे मागची रबरी टोपी बसेना, म्हणून बसवणाऱ्या पोऱ्याने ती काढून टाकली आणि भोकाला प्लॅस्टिकची पिशवी लावून काळी टेप गुंडाळली. टेपने पहिल्या पावसात राजीनामा दिला.

‘साहब, हेडलाइट साँस लेता है,’ उस्ताद म्हणाला. तो जे हातवारे करून सांगत होता त्याचा सारांश असा. दिवा लावला की आतली हवा तापून फुगते आणि बाहेर पडते. विझवला की आतली हवा आकसते आणि बाहेरची आत ओढून घेते. यासाठी कंपनीनेच मागे बारीक नळ्या ठेवलेल्या असतात, नाहीतर सीलच फुटेल. सोपाऱ्यात बाहेरची हवा म्हणजे निम्मं पाणीच. ते सगळ्यात गार जागी, म्हणजे समोरच्या काचेवर, बसतं. थोडं धुकं धरलं आणि गाडी चालवताना गेलं, तर दिवा तब्येतीने ठीक आहे. थेंब ओघळले, तळं साचलं, तर कुठेतरी फट आहे. त्यातून हॅलोजन हा पंचावन्न-साठ वॉटचा शेगडीचा निखारा, तो स्वतःची काच स्वतःच वाळवतो. एलईडीची ऊब मागे पंख्याकडे जाते, काच गारच राहते.

‘म्हणजे माझ्या ड्रायरचं काम आधी दिवाच करत होता,’ ताई म्हणाली. हे वाक्य ती पुढची दहा वर्षं वापरणार, हे भाऊजींच्याही लक्षात आलं.

बंपर सैल करून उस्तादाने दिवा बाहेर काढला, उलटा करून पाणी ओतलं आणि हीट गन दूर धरून सावकाश फिरवली. भाऊजी आतली चंदेरी वाटी रुमालाने पुसायला धावले, तेव्हा त्याने त्यांचा हात धरला. तो मुलामा फार पातळ, पुसला की निघून येतो. मग काठाकाठाने सीलवर बोट फिरवून तडा नसल्याची खात्री केली. डिकीत पडून असलेले जुने हॅलोजन कागदात धरून बसवले, बोटाचं तेल लागलेला बल्ब त्या जागी जास्त तापून उडतो म्हणून. शेवटी मागे नवीन रबरी टोपी ठोकून बसवली. वर पाइपने पाणी मारलं. आत थेंब नाही. टोपीची किंमत ऐकून भाऊजींना सर्व्हिस सेंटरचा आकडा आठवला आणि त्यांनी तो पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला.

परतीच्या वाटेवर ते एकदम तज्ज्ञ झाले होते. पुलावर गाड्या ठप्प उभ्या. शेजारच्या गाडीचा डावा दिवा धुक्याने भरलेला दिसताच त्यांनी काच खाली केली आणि टकटक केलं.

‘हेडलाइटमध्ये पाणी आहे तुमच्या.’

‘राहू द्या हो काका,’ तो तरुण म्हणाला, ‘घरात शिरलंय ते उपसायला निघालोय.’ खरोखरच त्याच्या मागच्या सीटवर पाण्याचा पंप होता आणि खिडकीतून पाइपचं टोक लोंबत होतं.

भाऊजींनी त्या पंपाकडे सहानुभूतीने पाहिलं. मग म्हणाले, ‘तरी पण घरी गेल्यावर मागची रबरी टोपी बघाच.’