झिरो नंबरचे घारे डोळे

घारे डोळे हवेत तर पूर्वी योग्य घरात जन्म घ्यावा लागे. ही जाचक अट आता राहिलेली नाही. मेकअपवाल्या ताईंच्या पेटीत करडे, हिरवे, मधाळ असे सगळे डोळे तयार असतात आणि मुहूर्ताच्या तासभर आधी ते कोणत्याही नवरीला बसवता येतात. तरीही काही शंकेखोर मुली आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन वेळ दवडतात, याचं वाईट वाटतं.

झिरो नंबरच्या लेन्सला डॉक्टर कशाला? नंबर शून्य, म्हणजे धोकाही शून्य. हे गणित चौथीतल्या पोरालाही सुटेल. अमेरिकेला मात्र सुटलं नाही. त्यांनी 2005 मध्ये कायदा करून ठरवलं की लेन्स नंबरची असो वा नुसती शोभेची, ती वैद्यकीय उपकरणच. चिठ्ठीशिवाय विकायची नाही. टिकल्यांच्या पाकिटाशेजारी लेन्स मांडण्यातला मोकळेपणा त्या देशाला कळायचा नाही.

मापाचीही उगाच चर्चा होते. बुबुळाचा बाक प्रत्येकाचा वेगळा, म्हणून डबीवर 8.6 असा काहीतरी मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो. लग्नाच्या ब्लाऊजला दोन-तीनदा फिटिंग होतं, बाही जराशी सैल पडली तर शिंप्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. तेही योग्यच, ब्लाऊज चारचौघांत दिसतो. घट्ट बसलेली लेन्स कोणाला दिसते? कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, रक्तवाहिन्या नसतात; त्याला प्राणवायू मिळतो तो हवेतून, अश्रूंमार्फत. घट्ट लेन्सखाली त्याचा जीव गुदमरतो खरा, पण होमाच्या धुरात तो कोणाचा गुदमरत नाही?

डॉक्टरमंडळी सांगतात, साबणाने हात धुवा, कोरडे करा, आधी लेन्स घाला आणि मग काजळ. ताईंचा क्रम बरोबर उलटा असतो. त्यामुळे पापणीवरची चमकी लेन्सच्या आतही पोचते आणि कुठेच कमी पडत नाही.

पण खरी प्रतिभा दिसते ती पाण्याच्या बाबतीत. लेन्सचं सोल्युशन महाग, शिवाय ते ऐन वेळी संपतं. कार्यालयाच्या बेसिनला मात्र पाणी मुबलक. नळाच्या, विहिरीच्या, टाकीच्या पाण्यात अकॅन्थामिबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. स्वतःभोवती कवच केलं की तो क्लोरीनलाही दाद देत नाही. पाण्याने मऊ लेन्स फुगते, बुबुळाला चिकटते, आणि कुठे बारीकसा ओरखडा असला की हा जीव आत शिरतो. लग्नघरी आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवायची आपल्याकडे रीत नाही. पुढे सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा, डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागतात आणि उपचार महिनोन्महिने चालतात. नव्या संसारात दोघांनी मिळून करायला काहीतरी लागतंच.

बेसिन लांब असेल तर जीभ आहेच. तोंडातले जंतू निदान घरचे.

पाठवणी आटोपून लेन्ससकट झोपलं तर संसर्गाची शक्यता सहा ते आठ पट वाढते, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. दमलेल्या मुलीला असले आकडे ऐकवू नयेत. सकाळी डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, समोरचं धूसर दिसू लागलं, तरी लेन्स काढायची घाई नको. सत्यनारायण व्हायचा आहे आणि फोटोग्राफरचे पैसे दिवसभराचे दिलेले आहेत. लाल डोळा तो अल्बममध्ये पांढरा करून देतो, वेगळा आकार न लावता.

अगदीच राहवलं नाही तर जावं डॉक्टरांकडे. ते विचारतील, लेन्स आणि डबी आणलीत का, तपासणीला पाठवायची आहे, नेमका कोणता जंतू ते कळेल. खरं तेच सांगावं: नवरीने घातली, मग करवलीने घातली, आणि काल रात्रीच ती डबीसकट मावसबहिणीकडे गेली. तिची हळद गुरुवारी आहे.