कलम 41(1) यांस उमापूरहून खुले पत्र

प्रति,
श्रीमान कलम 41(1),
आयकर अधिनियम, 1961

विषय: माफ झालेली उधारी उत्पन्नात धरल्याबद्दल जाहीर अभिनंदन.

महोदय,
सा. न. वि. वि.

2025 च्या नव्या कायद्यात आपला आकडा बदलला, म्हणून निरोपाचं पत्र लिहायला बसलो. स्वभाव मात्र तोच राहिला आहे असं कळलं, तेव्हा पत्र वाया जाणार नाही.

उमापुरात माझं कृषी सेवा केंद्र आहे. पेरणीला बियाणं-खत उधारीवर द्यायचं आणि कापूस विकला जाईपर्यंत वाट बघायची, असा हा धंदा. मागे एका घाऊक व्यापाऱ्याने माझ्याकडची 40 हजारांची बाकी सोडून दिली. मी पेढे वाटले. सीए म्हणाले, "थोडे आयकर खात्यालाही ठेवा. बिल आलं त्या वर्षी तुम्ही ते खर्चात धरलं, तेवढा नफा कमी दाखवला. आता ते द्यायचंच नाही, तर मिळवा उत्पन्नात."

हिशोब बिनतोड आहे. एक रुपया हातात न येता उत्पन्न वाढवण्याची ही विद्या शेतकऱ्यांना शिकवली असती, तर 2022 पर्यंत उत्पन्न दुप्पट करण्याचा वायदा एका नोंदीत पुरा झाला असता. गावातली बुडीत उधारी वहीतून काढून टाकली तर वजावट मिळते, हेही खरं. पण एखादा इमानी माणूस पुढे कधी ते पैसे आणून देतो, तेव्हा त्याच्या मागोमाग आपलं धाकटं भावंड 41(4) दुकानाची पायरी चढतं.

महिंद्रा अँड महिंद्रापुढे मात्र आपलं चाललं नाही. अमेरिकेच्या कैसर जीप कंपनीकडून अवजारांसाठी घेतलेलं कर्ज माफ झालं, रक्कम 57,74,064 रुपये. खात्याने ते उत्पन्नात धरलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 24 एप्रिल 2018 ला निकाल लागला: या कर्जाची वजावट कधी घेतलीच नव्हती, म्हणून 41(1) लागू नाही, आणि लाभ रोख स्वरूपाचा, म्हणून धंद्यातल्या लाभाला उत्पन्न मानणारं कलम 28(iv) देखील नाही. ती दुसरी फट 2023 च्या वित्त कायद्याने बुजवली, रोख लाभही 28(iv) मध्ये आणला.

आता माझं शेत. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे पीककर्ज माफ झालं तरी आपण बांधावरूनच परत जाता. उपकार आहेत. पण राज्याच्या 2017 च्या योजनेत दीड लाखापर्यंत आणि 2019 च्या योजनेत दोन लाखांपर्यंत माफी मिळाली, तेव्हा दोन्ही वेळा निकषांत एक ओळ होती: शेतीबाहेरच्या उत्पन्नावर आयकर भरणारा अपात्र. दुकानातली माफी करपात्र, आणि तो कर भरला म्हणून शेतातल्या माफीला अपात्र. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

तेव्हा पुढच्या कर्जमाफीचे निकष लिहिणाऱ्यांना आपण एवढं सांगावं: ज्या वर्षी पीक बुडालं त्या वर्षीचं बुडालेलं पीक मोजा, भरलेला कर नव्हे. आणि माझ्या धंदेबंधूंना माझी विनंती: बँकेशी किंवा व्यापाऱ्याशी तडजोड कराल, तेव्हा मुद्दल किती सुटलं, व्याज किती आणि मालाची बाकी किती, हे पत्रात वेगवेगळं लिहून घ्या. कर त्या ओळींवरच ठरतो.

आपला नियमित करदाता,
एक कृषी सेवा केंद्रवाला
मु. पो. उमापूर, ता. गेवराई, जि. बीड